खरूज एकट्या शेळीची नसते



थंडीला सुरुवात झाली की पुण्याच्या कडेच्या गावांतून एक प्रश्न आम्हा विस्तार कार्यकर्त्यांना हमखास विचारला जातो. वाघोली, मांजरी, सूस, खडकवासला ही गावे २०२१ मध्ये पुणे महानगरपालिकेत गेली. रस्त्याच्या अंगाला इमारती उभ्या राहिल्या, पण जुन्या घरांच्या मागच्या बाजूस गोठा अजून आहे. तेथे दोन-चार शेळ्या आहेत, एखादी म्हैस आहे, दारात कुत्रे आहे. त्या घरातली बाई विचारते, "साहेब, शेळीला खरूज झालीय आणि धाकट्याचं अंगही रात्रभर खाजतंय. सासूबाई म्हणतात, शेळी काढून टाका. काय करू?"

प्रश्न दिसायला लहान आहे. पण शेळी म्हणजे त्या घरचे चहाचे दूध, शाळेची फी आणि अडीनडीचा पैसा. खरजेची शेळी बाजारात नेली तर खाटीक निम्म्या भावात मागतो. बरे, शेळी विकूनही पोराची खाज थांबत नाही, ती वेगळीच. म्हणून या प्रश्नाचे उत्तर अंदाजाने देऊन चालत नाही. सुदैवाने गेल्या काही दशकांत शास्त्रज्ञांनी डुक्कर, ससा, कुत्रा अशा जनावरांवर या रोगाचा बारकाईने अभ्यास केला आहे. त्यातून जे कळले ते आपल्या गोठ्याच्या आणि घराच्या फार उपयोगाचे आहे.

वांग्यावरच्या कोळ्याचा भाऊबंद

वांगी, भेंडी यांच्या पानांखाली लाल कोळी असतो, हे आपणांस ठाऊक आहे. खरजेचा किडा त्याच कुळातला. पूर्ण वाढ झालेल्या किड्याला आठ पाय असतात. मादी जेमतेम तीन ते चार दशांश मिलिमीटर, म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसेल न दिसेल एवढी. ती कातडीच्या वरच्या थरात बोगदा पोखरते आणि त्यातच रोज दोन-तीन अंडी घालते. तीन-चार दिवसांत अंडी फुटतात आणि सुमारे दोन आठवड्यांत नवी पिढी तयार होते.

१६८७ मध्ये इटलीच्या जिओव्हानी कोसिमो बोनोमो या वैद्याने सूक्ष्मदर्शकाखाली हा किडा पाहून त्याचे चित्र काढले आणि खरजेचे कारण हाच आहे, असे लिहून ठेवले. एखाद्या रोगाचे नेमके कारण म्हणून डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवाकडे बोट दाखविण्याचे हे अगदी पहिल्या उदाहरणांपैकी एक होय. तरी आजही गावात खरूज म्हणजे रक्त बिघडले, उष्णता वाढली, असेच समजले जाते. रक्त बिघडत नाही. कातडीत किडा शिरतो.

शेळीमध्ये सुरुवात बहुधा तोंड, डोळ्यांच्या कडा आणि कान येथून होते. केस झडतात, पांढरट खपल्या धरतात, कातडी जाड व सुरकुतलेली होते. शेळी खांबाला, गव्हाणीला अंग घासत राहते. खाण्याकडे लक्ष नाही, रवंथ नीट नाही. मग दूध आटते आणि करडे वाढत नाहीत. कुत्र्याला झालेल्या याच रोगाला आपण लूत म्हणतो. कुत्र्याच्या कानाची कड दोन बोटांत धरून चोळली आणि त्याचा मागचा पाय आपोआप खाजविल्यासारखा हलू लागला, तर लुतीचा दाट संशय घ्यावा.

मात्र कातडीचे प्रत्येक दुखणे खरूज नव्हे. २०२२ मध्ये आपल्या राज्यात गाईगुरांमध्ये लम्पीची मोठी साथ आली. त्यात ताप येतो व अंगावर गाठी उठतात. तो विषाणूचा रोग आहे. वासरांच्या डोळ्यांभोवती गोल, राखाडी चट्टे पडतात ते बहुधा गजकर्ण, म्हणजे बुरशी. प्रत्येकाचे औषध निराळे. म्हणून आधी तपासणी, मग औषध.

माणसाचे दुखणे, जनावरावर अभ्यास

पशुरोगांच्या संशोधनाशी पुण्याचे नाते जुने आहे. आज बरेलीजवळ इज्जतनगर येथे असलेली भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था मुळात ९ डिसेंबर १८८९ रोजी पुण्यात 'इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी' या नावाने सुरू झाली आणि १८९३ मध्ये हिमालयातील मुक्तेश्वरला हलविली गेली. आजही औंध येथे पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे.

खरजेच्या अभ्यासात मोठी अडचण अशी की, हा किडा काचेच्या बशीत वाढवता येत नाही. त्याला जिवंत कातडीच लागते. शिवाय खरूज झालेल्या माणसाच्या अंगावर एकूण किडे असतात किती? साधारण दहा-पंधरा! एवढ्याशा किड्यांवर कोणता प्रयोग करणार? म्हणून शास्त्रज्ञ जनावरांकडे वळले. अमेरिकेत ओहायो राज्यातील लॅरी आर्लियन यांनी कुत्र्याच्या लुतीचे किडे सशांवर वाढवून वर्षानुवर्षे अभ्यास केला. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधील संशोधकांनी डुक्कर निवडले, कारण डुकराची कातडी माणसाच्या कातडीशी पुष्कळ मिळतीजुळती आहे आणि त्याला ही खरूज निसर्गतःच होते. त्यांनी खपल्यांतील किडे निरोगी डुकरांच्या कानांत सोडले आणि आठवड्या-आठवड्याने काय घडते याची नोंद ठेवली.

या अभ्यासांतून आपल्या कामाच्या गोष्टी निघाल्या त्या चार.

पहिली गोष्ट : किडा आधी येतो, खाज मागाहून येते

किडा अंगावर आला त्या दिवशी जनावर खाजवू लागत नाही. किडे वाढत राहतात, त्यांची विष्ठा व अंड्यांची टरफले कातडीत साठतात आणि काही आठवड्यांनी शरीर त्याविरुद्ध उठते. खरी खाज तेव्हा सुरू होते. म्हणजे खाज ही किड्याच्या चाव्याची नसून शरीराने त्याच्याशी मांडलेल्या भांडणाची आहे. माणसातही पहिल्या वेळी खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात. दुसऱ्यांदा लागण झाली तर मात्र एक-दोन दिवसांतच अंग खाजू लागते, कारण शरीराला जुनी ओळख असते.

आता आपला गोठा डोळ्यांसमोर आणा. पाच शेळ्यांपैकी एक खाजवते आहे. उरलेल्या चार निरोगी दिसतात, म्हणून आपण एकीलाच औषध देतो. पण त्या चौघींच्या अंगात किडा महिनाभरापूर्वीच शिरलेला असू शकतो. उपचार केलेली शेळी बरी होते, शेजारणीच्या अंगाला अंग लावून बसते आणि पुन्हा किडे घेते. मग आपण म्हणतो, औषध भेसळीचे निघाले! औषध बरोबर होते, दिले चुकीच्या हिशेबाने. खरूज एकट्या शेळीची कधीच नसते; ती सगळ्या गोठ्याची असते.

दुसरी गोष्ट : सगळ्या शेळ्या सारख्या आजारी पडत नाहीत

डुकरांच्या प्रयोगात असे दिसले की, सारख्याच वयाच्या व सारखेच किडे सोडलेल्या डुकरांपैकी काहींना किरकोळ पुरळ आले, तर काहींच्या कानांवर जाड खपल्यांचे थर चढले. फरक किड्यात नव्हता, शरीराच्या प्रतिकाराच्या पद्धतीत होता. अशा जाड खपल्यांत किडे हजारोंनी असतात. गोठ्यातील असे एकच जनावर बाकीच्यांना पुन्हा पुन्हा किडे पुरवीत राहते. बहुधा ते सर्वांत अशक्त, जंत झालेले किंवा म्हातारे असते. ते आधी वेगळे बांधावे आणि त्याच्या उपचारात कसूर करू नये. आर्लियन यांच्या अभ्यासात एकदा बऱ्या झालेल्या कुत्र्यांमध्ये दुसऱ्या लागणीस प्रतिकार आढळला. त्यावरून लस करता येईल अशी आशा वाटते, पण खरजेवर लस अद्याप बाजारात आलेली नाही. तोवर स्वच्छता, सकस चारा आणि वेळेवर उपचार हीच लस.

तिसरी गोष्ट : अंगाबाहेर किडा फार दिवस तगत नाही

अंगावरून खाली पडलेला किडा किती काळ जगतो, हेही प्रयोगाने मोजले गेले. २१ अंश सेल्सिअस तपमानात आणि मध्यम दमट हवेत तो एक ते दीड दिवस जगला. पण १० अंशाच्या थंड आणि अगदी ओलसर जागी काही किडे १९ दिवसांपर्यंत टिकले. याचा अर्थ आपणांस सहज समजेल. कोरड्या, उन्हाच्या गोठ्यात किडा लवकर मरतो; थंडीच्या दिवसांत ओलसर, अंधाऱ्या कोपऱ्यात तो वाट पाहत बसतो. म्हणून गोठ्यात ऊन येऊ देणे हा फुकटचा उपचार आहे. एकाच ब्रशने सगळ्या जनावरांना खरारा करणे, एकीच्या पाठीवरची झूल दुसरीला घालणे, हे मात्र बंद करावे.

मेंढपाळ बांधवांनी एक फरक ध्यानात ठेवावा. मेंढीला होणाऱ्या खरजेचा एक किडा निराळ्या जातीचा आहे. तो बोगदा पोखरत नाही, लोकरीखाली कातडीवरच राहतो आणि अंगाबाहेर दोन आठवड्यांपर्यंत जगू शकतो. दिवाळीनंतर वाडे कोकणाकडे निघतात, वाटेत रानारानांत मेंढरे बसतात, दोन कळप एका पाणवठ्यावर येतात. कळपात नवी मेंढी घेतली तर ती पंधरा-वीस दिवस वेगळी ठेवून, तपासूनच मिसळावी.

चौथी गोष्ट : शेळीची खरूज पोराला लागते का?

आता त्या ताईच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. शेळीचा, कुत्र्याचा, डुकराचा आणि माणसाचा खरजेचा किडा दिसायला सारखा असला तरी प्रत्येकाने आपापले घर ठरवून घेतलेले आहे. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात माणसांनाही खरूज आणि कुत्र्यांनाही लूत, अशी वस्ती होती. कुत्र्यांपासूनच माणसांना लागते, अशी सर्वांची समजूत. संशोधकांनी दोन्हींकडचे किडे गोळा करून त्यांचे वंशगुण तपासले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात माणसांवरचे किडे व कुत्र्यांवरचे किडे स्पष्टपणे वेगवेगळ्या वंशाचे निघाले. म्हणजे माणसांची खरूज मुख्यतः माणसांतच फिरत होती आणि कुत्री फुकटची बदनाम झाली होती.

जनावराचा किडा माणसाला मुळीच त्रास देत नाही असे नव्हे. खरजेच्या शेळीला कवेत धरणाऱ्याच्या हातांवर, छातीवर, पोटावर एक-दोन दिवसांत बारीक पुरळ उठते. पण तो किडा माणसाच्या कातडीत वंश वाढवू शकत नाही. जनावर बरे केले की ही खाज काही आठवड्यांत आपोआप जाते.

याउलट पोराच्या बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, काखेत, बेंबीभोवती, कमरेला पुरळ असेल, खाज रात्री वाढत असेल आणि घरातल्या आणखी कोणाला तीच तक्रार असेल, तर ती माणसाची खरूज समजावी. ती वसतिगृहातून, शाळेतून, पाहुण्यांच्या एका अंथरुणातून आलेली असते. अशा वेळी शेळी विकून काय होणार? शेळीही गेली आणि खरूजही राहिली!

मातीतून आलेले औषध

आज जनावरांच्या खरजेवर डॉक्टर जे आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन देतात, त्याचा जन्म शेतकऱ्याला आवडेल असा आहे. जपानमधील सातोशी ओमुरा यांनी जमा केलेल्या मातीच्या नमुन्यातील एका सूक्ष्म जीवापासून ते निघाले. अमेरिकेत विल्यम कॅम्पबेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी जंत झालेल्या उंदरांवर त्याची परीक्षा घेतली. १९८१ मध्ये ते जनावरांसाठी बाजारात आले, १९८७ पासून माणसांच्या रोगांसाठी वापरले जाऊ लागले आणि २०१५ मध्ये या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

पण औषध कितीही नामी असले तरी त्याची रीत पाळावी लागते. ते अंड्यांना मारत नाही. लाल कोळ्यावर एक फवारणी करून भागत नाही, अंडी फुटल्यावर दुसरी घ्यावी लागते, तसेच येथेही आहे. दहा ते चौदा दिवसांनी दुसरी मात्रा चुकवू नये. मात्रा जनावराच्या वजनावर ठरते. ती डॉक्टरांनीच ठरवावी व इंजेक्शन कातडीखाली त्यांनीच द्यावे. औषध दिल्यानंतर दूध किती दिवस वापरायचे नाही आणि मांसासाठी जनावर किती दिवस विकायचे नाही, हे आवर्जून विचारून घ्यावे. दुभत्या जनावरासाठी दुसरे औषध सुचविले तर ते मानावे. कोली जातीच्या कुत्र्यांना हे औषध घातक ठरू शकते, हेही लक्षात असू द्यावे.

सगळ्यांना एकाच वेळी औषध देण्याचा किती फरक पडतो, याचा एक दाखला माणसांतलाच आहे. फिजी बेटांवर केलेला हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. एका ठिकाणी फक्त खरूज असलेल्यांना व त्यांच्या निकटच्या माणसांना मलम दिले. वर्षभरात खरूज ४९ टक्क्यांनी घटली. दुसऱ्या ठिकाणी तेच मलम सर्व लोकांना दिले. घट ६२ टक्के. तिसऱ्या ठिकाणी सर्वांना आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या दिल्या. तेथे खरूज ९४ टक्क्यांनी घटली. गावाने एकजूट केली की किड्याला जागा उरत नाही, असाच याचा अर्थ.

गोठ्यात काय करावे

१. खाजणाऱ्या जनावराच्या जखमेच्या कडेची खरवड डॉक्टरांकडून तपासून घ्यावी. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जावे किंवा १९६२ या क्रमांकावर विचारावे. निदान अवघड असल्यास दवाखान्यामार्फत नमुना औंधला पाठविता येतो.

२. गोठ्यातील सर्व शेळ्या-मेंढ्यांना एकाच दिवशी उपचार करावा. दोन आठवड्यांच्या आत सर्वांना दुसरी मात्रा द्यावी.

३. जाड खपल्यांचे जनावर वेगळे बांधावे. त्याचा खरारा, दावे, झूल वेगळी ठेवावी.

४. जुना पाचोळा, गवताची बिछायत काढून जाळावी. जमीन कोरडी करून चुना मारावा, गव्हाण व खांब घासून धुवावेत. तीन-चार दिवस कडक ऊन खाऊ द्यावे. मेंढ्यांचा वाडा शक्य तर तीन आठवडे रिकामा ठेवावा.

५. शेजाऱ्याच्या शेळ्या एकाच माळावर चरत असतील तर त्याच आठवड्यात त्यांनाही उपचार व्हावा. येथे संकोच करू नये.

६. जळके इंजिन ऑइल, पिकावरचे कीटकनाशक, तंबाखूचे कडक पाणी जनावराला चोळू नये. जनावर अंग चाटते. विष पोटात जाते, दुधात उतरते. आपल्या वडीलधाऱ्यांच्या काळात सर्रास वापरली जाणारी बी. एच. सी. पावडर, म्हणजे गमेक्सिन, तिच्यावर १९९७ पासून बंदी आहे. कोठे जुना डबा सापडलाच तर त्याला हात लावू नये.

घरात काय करावे

माणसांसाठी परमेथ्रिन हे ५ टक्क्यांचे मलम डॉक्टर देतात. ते मानेपासून तळपायापर्यंत, बेचक्या व नखांखालीसुद्धा, रात्री लावून सकाळी आंघोळ करावी. खाज असो वा नसो, घरातील सर्वांनी त्याच रात्री लावावे. आजी आणि परगावाहून आलेला पाहुणा यांनाही वगळू नये. आठवड्याने किंवा डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा एकदा लावावे. तान्ही बाळे, गरोदर बायका यांच्यासाठी औषध डॉक्टरांनाच विचारावे. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात दाखवावे. अंथरूण-पांघरूण व कपडे कढत पाण्यात धुऊन उन्हात वाळवावेत. धुता न येणारी वाकळ प्लॅस्टिकच्या पिशवीत तीन-चार दिवस बांधून ठेवली तरी चालते. औषधानंतरही दोन-चार आठवडे थोडी खाज राहते, कारण मेलेले किडे अजून कातडीतच असतात. म्हणून घाबरून रोज मलम चोळू नये.

शेळीसाठी आणलेल्या बाटलीतले औषध माणसाने कधीही घेऊ नये. कोरोनाच्या काळात अमेरिकेत काही लोकांनी जनावरांचे आयव्हरमेक्टिन पोटात घेतले आणि विषबाधा होऊन रुग्णालयात दाखल झाले. द्राक्षबागेसाठी आणलेली गंधकाची भुकटीही अंगाला चोळू नये. खरजेसाठी गंधकाचे मलम असते, पण ते औषध म्हणून वेगळे तयार केलेले असते.

शेवटी एक सांगावेसे वाटते. खरूज झाली म्हणून घरात कोणाला घाणेरडे म्हणू नये. सुनेला टोचून बोलू नये, पोराला शाळेतून काढू नये. लाज वाटली की माणूस लपवतो, आणि लपवली की खरूज साऱ्या आळीत पसरते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये खरजेचा समावेश दुर्लक्षित रोगांच्या यादीत केला. दुर्लक्ष थांबविण्याची सुरुवात आपल्या गोठ्यापासून आणि आपल्या अंथरुणापासून करता येते. त्याला दोन दिवस ठरवावे लागतात : एक गोठ्यातल्या सगळ्या जनावरांचा आणि एक घरातल्या सगळ्या माणसांचा. एवढे केले तर शेळी विकण्याची पाळी येणार नाही आणि घरात सर्वांना रात्री शांत झोप लागेल.